दर सणाला अर्धा नंबर

दादा, तुझ्या जिमचा ग्रुप काल भेटायला आला होता. सात जण, दोन गाड्या. दारात उतरले तेव्हा सगळे अनवाणी. वहिनीला वाटलं, सुतकाच्या घरी यायचं म्हणून मुद्दाम पायात काही न घालता आलेत. तिचे डोळे भरून आले. मी गाडीत डोकावून पाहिलं, तर बूट डिकीत ओळीने लावून ठेवलेले. दारात काढले तर चोरीला जातील ही भीती. मखमलाबादला, दुःखाच्या घरी, ओट्याखाली पन्नास माणसांच्या चपलांचा ढीग पडलेला असताना चोर म्हणे नेमका यांच्याच बुटांवर टपून बसला होता.

दहा मिनिटं बसले. एकाने तुझ्या फोटोकडे बघून सांगितलं की दादांचा फॉर्म भारी होता. दुसऱ्याने पाण्याच्या ग्लासात साखर आहे का असं विचारलं. आणि तुझा तो ट्रेनर, ज्याला तू सर म्हणायचास, त्याने जाताना मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, त्यांचा तो निळा जोड फारसा वापरलेला नसेल ना? साडेनऊ माझाच नंबर आहे. म्हणजे आठवण म्हणून." मी म्हटलं, तो सरणावर दिला. धडधडीत खोटं बोलले. तू असतास तर हसत हसत देऊन टाकला असतास, वर लेस कशी बांधायची तेही शिकवलं असतंस. तुझ्या या भोळेपणाची मला नेहमीच चीड यायची आणि आजही येते.

घरात सगळे म्हणतात, मंगल रडत का नाही. मी रडत नाही, मी खेकसते. भटजींवर खेकसले, मांडववाल्यावर खेकसले, चहात आलं टाकलं म्हणून धाकट्या काकूवर खेकसले. खरा राग तुझ्यावर आहे. तू समोर नाहीस म्हणून तो दुसऱ्यांना मिळतोय. तेव्हा तुझा तुलाच देते.

सुरुवात माझ्यामुळे झाली हे मान्य आहे. मी शाळेत पीटीची शिक्षिका, शिट्टी वाजवून आयुष्य गेलं. चाळिशी उलटल्यावर गंगापूर रोडच्या त्या जिममध्ये जायला लागले आणि त्या शर्यतीचं खूळ डोक्यात बसलं. एक किलोमीटर पळायचं, मग एक हमालीचं काम करायचं, पुन्हा एक किलोमीटर पळायचं, असं आठ वेळा. कुठे लोखंडी घसरगाडीवर वजनं ठेवून ती गालिच्यावरून ढकलायची, कुठे दोन हातांत दोन जड गोळे घेऊन चालायचं, कुठे वाळूची पिशवी खांद्यावर टाकून दर पावलाला गुडघा टेकायचा. शहरातली खाऊनपिऊन सुखी माणसं यासाठी महिनोन्‌महिने घाम गाळतात आणि मग गळ्यात मेडल घालून फोटो काढतात. मीही त्यांच्यातलीच.

दोघांच्या जोडीने पळायची शर्यत होती. माझी जोडीदारीण पाय मुरगळून बसली, म्हणून मी तुझ्याकडे आले. तू झेंडूचे क्रेट पिकअपमध्ये चढवत होतास. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "आपण रोज हेच करू राह्यलो ना. त्याला छातीवर नंबर कशाला चिकटवायचा?"

तुझ्या तोंडून निघालेलं ते शेवटचं शहाणपणाचं वाक्य.

पहिल्या दिवशी तू जिममध्ये रबरी चप्पल घालून आलास. ते दोन गोळे उचललेस आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा गेलास की पोरं आरशातून तुझ्याकडे बघत राहिली. शेतात चालून चालून पसरट झालेले तुझे पाय जमिनीला पक्के धरून होते. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला. तुला मात्र म्हटलं, "चपला घालून जिममध्ये येतात का? लाज नाही वाटत?" तेच चुकलं. तिथून तू बुटांच्या नादी लागलास.

नादी म्हणजे किती? फूलबाजारातून पहाटे माल देऊन आलास की ओट्यावर बसून मोबाइल. कोण दिल्लीचा, कोण चंदीगडचा पोरगा बूट कापून आतला फेस दाखवतोय आणि तू तोंड उघडं टाकून बघतोयस. ज्या माणसाने आयुष्यात बी-बियाण्याच्या पाकिटावरची माहिती कधी वाचली नाही, तो टाच आणि चवडा यांच्या उंचीत किती मिलिमीटरचा फरक असावा यावर मला शिकवायला लागला. कॉलेज रोडच्या दुकानात पोऱ्याने विचारलं, "पळायला पाहिजे की जिमला?" तू म्हणालास, "दोन्ही." त्याचे डोळे चमकले. अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत. त्याने तुला सगळ्यात जाड तळाचा, सगळ्यात भडक बूट काढून दिला आणि तू तो डब्यातल्या मिठाईसारखा दोन्ही हातांत धरून घरी आणलास.

"यात आतमधी पत्रा हाय. कार्बनचा," तू म्हणालास.

"पत्रा कशाला? तुला काय शेड बांधायचीय?"

"उसळी मारतो ना पाय."

"वाळूची पिशवी घेऊन गुडघा टेकताना चवडा वाकावा लागतो, दादा. तो पत्रा वाकू देणार नाही. आणि एवढ्या मऊ तळावर वजन घेऊन उभा राहिलास तर टाच डुगडुगेल."

"तुला काय कळतं? पोरांना कवायत शिकवती तू."

मला काय कळतं ते ऐक, आता तरी. पळायला मऊ तळ लागतो, ढकलायला घट्ट लागतो. दोन्ही एका बुटात पूर्ण मिळत नाही. म्हणून मधला घ्यायचा. तळ बेताचा, टाच रुंद, चवड्याशी वाकणारा, खाली सगळीकडे रबर, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा. संपलं. यापेक्षा जास्त त्यात काही नाही. जो कोणी यावर तासभर बोलतो तो एकतर बूट विकतोय किंवा त्याला घरी काम नाही. तुला शेतात दोन माणसांचं काम होतं आणि तरी तू तासभर बोलायचास.

आणि ते लॉन. ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि हसू आलं की तुझा आणखी राग येतो. शर्यतीत गालिच्यावर ढकलायचं असतं आणि आपल्या जिममध्ये गालिचा नव्हता. तू ज्या लग्नाच्या लॉनला झेंडूच्या माळा पुरवायचास तिथे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवं मॅटिंग तसंच पसरलेलं असतं. मला स्कूटरवर बसवून तिथे घेऊन गेलास. स्टेजची एक फळी उलटी टाकलीस, तिच्यावर खताच्या दोन गोण्या ठेवल्यास आणि नवे बूट घालून ढकलायला लागलास. पहिल्याच पावलाला सपशेल आडवा. पुन्हा उठलास, पुन्हा आडवा. लॉनचा मॅनेजर ब्रश तोंडात धरून बाहेर आला.

"काय करू राह्यले भाऊ?"

"बुटाची टेस्टिंग चाललीय," तू गंभीरपणे म्हणालास.

तीनदा पडल्यावर तू जाहीर केलंस की बुटाला पकड नाही, कंपनीने फसवलं. पुढच्या सणाला दुसरा जोड आणलास. मग एकदा मी तो पहिला बूट सहज उलटा केला, तर तळाच्या खाचाखाचांत तांदूळ. कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षतांवर उभं राहून आपण बुटाची परीक्षा घेतली होती. दोन हजार पाहुण्यांनी फेकलेल्या अक्षता आपल्या दोघांनाही दिसल्या नव्हत्या, कारण दोघंही बुटाकडे बघत होतो. मी तुला तोंडावर मूर्ख म्हटलं. तू म्हणालास, "जाऊ दे ग. तसाबी तो आवळत व्हता."

ती संक्रांत होती. दिवाळीत तू आठ नंबर घेतला होतास, संक्रांतीला साडेआठ.

शर्यत शिवरात्रीच्या आसपास झाली, मुंबईच्या एका मोठ्या हॉलमध्ये. आजूबाजूला सगळी घोटीव अंगाची माणसं, कानठळ्या बसवणारं संगीत. पहिला किलोमीटर तू माझ्याबरोबर पळालास, दुसऱ्याला मागे पडलास. घसरगाडी ढकलताना मधेच थांबलास, गुडघ्यांवर हात ठेवलेस आणि खाली बसलास. तोंड उघडं, ओठ पांढरे. मला काय दिसलं सांगू? मला दिसलं की शेजारची जोडी पुढे गेली. मी वाकून तुझ्या कानाशी म्हणाले, "नाटकं करू नकोस, लोक बघतायत."

तू उठलास. घसरगाडीला पुन्हा हात लावलास. पुढे ते दोन गोळे घेऊन चालायची वेळ आली तेव्हा माझ्या हाताची पकड सुटायला लागली होती. तू माझ्या हातातून ते काढून घेतलेस आणि माझ्या वाट्याचं अंतरही चाललास. नियमात बसत होतं ते, कुणी कितीही वाटून घ्यावं. पण त्या अवस्थेत तू ते का केलंस हे मी आजतागायत विचारलं नाही. आभार मानणं लांबच राहिलं. मेडलचा फोटो मी माझा एकटीचा काढून घेतला.

परतताना कसारा घाटात बसमध्ये तू म्हणालास, "बूट लय जड वाटू राह्यले होते ग."

"बूट जड नाहीत, तू जड झालायस. पोट बघ स्वतःचं."

तू पोटाकडे बघितलंस आणि मग खिडकीबाहेर. दुसऱ्या दिवसापासून तू चहातली साखर बंद केलीस आणि भाकरी अर्धी. वहिनीने मला फोन करून विचारलं की यांना काय झालंय. मी म्हटलं, बरं आहे, जरा उतरू दे पोट. ते पोट भाकरीचं नव्हतं हे मला कुठे ठाऊक होतं. ठाऊक नसताना इतक्या ठासून बोलायची माझी सवय तुला लहानपणापासून माहीत होती.

मला वाटलं होतं तू आता हे सगळं सोडून देशील. तू सोडलं नाहीस. मला दाखवून द्यायचं होतं बहुतेक तुला. पाडव्याला नवा जोड, नऊ नंबर. अक्षय्य तृतीयेला निळा, साडेनऊ. मी अख्ख्या ग्रुपसमोर तुझी टर उडवली. "आमचा दादा पन्नाशीत उंच होतोय, पाय वाढतायत त्याचे." सगळे खो खो हसले. ट्रेनर म्हणाला, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा असतो दादा, मनावर घेऊ नका. एकाने सांगितलं, पळून पळून पाय पसरतातच. मी सांगितलं, बूट नेहमी संध्याकाळी घ्यावा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. हे मी पोरांच्या आईबापांना वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि ते खरंही आहे. त्या दिवशी ते खरं असून काही उपयोगाचं नव्हतं. सात-आठ जाणती माणसं गोल उभी राहून तुझ्या पायांवर बोलत होती आणि एकानेही तुला मोजा काढ असं म्हटलं नाही.

मोजा तू नंतर काढलास, घरी, ओट्यावर. उन्हं उतरली होती. वहिनी शेजारी माळा ओवत बसली होती. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पोटरीखाली खोल रुतलेला होता, दोरी बांधल्यासारखा. तू घोट्याच्या वर अंगठा दाबलास आणि मला दाखवलंस.

"हे पाह्य. खड्डा पडतो, अन् लवकर भरत नाय."

"लेस करकचून बांधतोस म्हणून. बुटामुळे आहे ते," मी म्हटलं. "वरच्या दोन भोकांतून लेस काढून टाक."

एवढ्यावर थांबले नाही. बूट मांडीवर घेऊन मी स्वतः तुला लेस ओवून दिली, कशी सैल ठेवायची ते दाखवलं. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा माळ ओवायला लागली. मी घरी आले तेव्हा मला फार बरं वाटत होतं. शेवटी एकदाचं तू मला बुटांबद्दल काहीतरी विचारलं होतंस असं वाटलं.

आषाढात तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर चादर बाजूला करून त्याच जागी अंगठा दाबला. खड्डा पडला. त्यांनी वहिनीला विचारलं, सूज कधीपासून आहे. वहिनी म्हणाली, महिना-दीड महिना. मी मागे उभी होते. मी म्हटलं, "दिवाळीला आठ नंबर होता, संक्रांतीला साडेआठ, पाडव्याला नऊ, अक्षय्य तृतीयेला साडेनऊ." बाईंनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे समजावलं की हृदय मोठं होऊन दमलंय, त्याला रक्त नीट ढकलता येत नाही म्हणून अंगात पाणी साठतंय, पायात, पोटात, आता छातीत. लवकर आला असतात तर गोळ्यांनी बरीच वर्षं निघाली असती. त्यात त्यांचा काही टोमणा नव्हता. मला तो सबंध वाक्यभर ऐकू आला.

चार दिवस. चौथ्या दिवशी तू गेलास. शेवटचं तू माझ्याशी काय बोललास ते आठवतंय ना? नाकाला नळी, श्वास पुरत नाही, आणि म्हणतोयस, "पुढच्या टायमाला पातळ तळाचाच घेऊ. तू म्हणती तसा." मी मान हलवली. तेव्हा तरी सांगायचं होतं की दादा, माझं चुकलं, त्या हॉलमध्ये मी जे बोलले ते माणसाने जनावराशी पण बोलू नये. सांगायचं होतं की ते दोन गोळे तू माझ्या हातातून घेतलेस तेव्हा आई गेल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी सांभाळल्यासारखं वाटलं. यातलं काही मी बोलले नाही. मी तुला म्हटलं, "जास्त बोलू नकोस, दम लागतो."

मला या सगळ्या जगाची किळस आली आहे. बुटाचा तळ चिरून आतला फेस दाखवणाऱ्यांची, गाडीच्या डिकीत बूट जपणाऱ्यांची, मेलेल्या माणसाचा नंबर लक्षात ठेवणाऱ्यांची. पण त्यांचं काय घेऊन बसायचं? ते अडाणी आहेत आणि त्यांना ते माहीतही नाही. मी शरीराचं शिक्षण घेतलेली बाई. कागदावर शिक्का आहे माझ्या. वर्गातल्या साठ पोरांत कुणाचा पाय सपाट आहे, कुणाचा गुडघा आत वळतो, हे मी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून सांगते. सख्ख्या भावाच्या पायात बोट रुतत होतं आणि मी त्याला लेस ओवून देत होते.

आज दहावं झालं. गंगाघाटावरचे विधी उरकून आल्यावर पाहुणे जेवले आणि पांगले. घरात वहिनी आणि मी दोघीच उरलो. ती ओट्यावर तांब्या-भांडी पुसत होती. दहा दिवस मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगायचं ठरवून तिच्याजवळ जाऊन बसले. तिने शिव्या द्याव्यात, घरातून हाकलावं, माहेर बंद करावं, सगळ्याची तयारी केली होती.

"वहिनी, त्या दिवशी दादाने मला पायातला खड्डा दाखवला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

ती पुसतच राहिली.

"मी तर रोजच पाह्यत होते," ती म्हणाली. "पाय चेपायला बसले का बोट आत जायचं. दोनदा पिकअपची चावी आणून हातात दिली, म्हणलं चला, दवाखान्यात दाखवून येऊ."

"मग?"

"मंग काय. म्हणायचे, मंगलनं पाह्यलंय. बुटाचं हाय म्हणली ती. तिला कळतं त्यातलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. भांडी उचलून ती आत गेली आणि आतून विचारलं, चहा ठेवू का.

दादा, शेतात काय लावायचं, पोरीला कुठे द्यायचं, कोणता बूट घ्यायचा, यात तू माझं कधी काडीचंही ऐकलं नाहीस. मग हे एकच कशाला ऐकलंस?